नऊ मुक्काम, चौदा दिवस आणि एक राहून गेलेली ओळ

वाचकाचं पत्र, थोडक्यात

सांगलीहून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ६१, शाळेतून निवृत्त. यजमान ६६ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, उजवा गुडघा त्रास देतो. मुलगा-सून टोरांटोशेजारी ब्रॅम्प्टनला असतात. नात या सप्टेंबरात पहिलीत जाईल. सप्टेंबरातच तीन आठवड्यांसाठी दोघं पहिल्यांदा कॅनडाला निघाली आहेत. यजमानांनी एक्सेलमध्ये तक्ता केला आहे: नायगारा, ओटावा, माँट्रियल, क्युबेक, हॅलिफॅक्स, बॅन्फ, जॅस्पर, व्हँकूव्हर, व्हिक्टोरिया. चौदा दिवसांत नऊ मुक्काम, आणि डोंगराळ भागात भाड्याची गाडी ते स्वतः चालवणार. त्यांचं म्हणणं, "एवढे पैसे घालून जायचं, पुन्हा कोण जातंय, तर देश बघूनच यायचा." मुलगा म्हणतो, बाबांना हे झेपणार नाही, घरी निवांत राहा, शनिवार-रविवारी फिरू. त्यावर यजमानांचं उत्तर, "घरातच बसायचं तर सांगली काय वाईट? आणि तिथे भेटणार कोण, तर आपलेच लोक!" फोनवर दोघांचे खटके उडतात. ताई विचारतात, मी कुणाच्या बाजूने बोलू?

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चार पानांत यजमानांचं मत आहे, मुलाचं आहे, सुनेच्या सुट्ट्यांचा हिशोब आहे. तुमचं स्वतःचं म्हणावं असं एकच वाक्य आहे, तेही अगदी शेवटी: "मी मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढले, वडील गार्ड होते. तिकडे म्हणे देश आडवा कापत जाणारी गाडी आहे. पण ते असो." ते असो नाही, ताई. माझं सगळं उत्तर त्या ओळीपाशीच येऊन थांबणार आहे. पण आधी यजमानांचा तक्ता बघू.

तक्ता चुकीचा नाही, मोजमाप चुकलं आहे. कॅनडा क्षेत्रफळाने जगात दुसऱ्या क्रमांकाचा देश, आपल्या तिप्पट. भारताची उत्तर-दक्षिण लांबी साधारण ३,२०० किलोमीटर. टोरांटो ते व्हँकूव्हर सरळ रेषेतच त्याहून जास्त भरतं, आणि तरीही टोरांटोच्या पूर्वेकडचा मोठा तुकडा उरतोच. विमानाने पाच तास लागतात आणि घड्याळ तीन तास मागे जातं. देशात एकूण सहा प्रमाणवेळा आहेत. चौदा दिवसांत हे सगळं करायचं म्हणजे दर दीड दिवसाने बॅग भरायची, हॉटेल सोडायचं, विमानतळावर दोन तास आधी पोचायचं. मी स्वतः पहिल्या खेपेला हेच केलं होतं, नऊ दिवसांत पाच शहरं. आज डोळे मिटले तर सगळ्यात स्पष्ट काय दिसतं? सामानाचा फिरता पट्टा, आणि त्यावर आपली लाल रिबीन बांधलेली बॅग येते का म्हणून ताटकळणारी मी. क्युबेक सिटीत गेले होते, फोटो आहेत, पण त्या गावाचा वास मला आठवत नाही. याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून तुम्हाला एवढं कळकळीने लिहिते आहे.

आता "पुन्हा कोण जातंय" याबद्दल. सगळी घाई या एका वाक्यातून निघाली आहे, म्हणून ते तपासायला हवं. मुलगा तिथे राहतो. तो कायमचा रहिवासी किंवा नागरिक असेल तर आई-वडिलांसाठी 'सुपर व्हिसा' नावाची वेगळी सोय आहे, तिच्यावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्याला मुलाच्या उत्पन्नाची अट आहे आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो. तुम्ही आत्ता तो काढाच, असं मी म्हणत नाही. तीन आठवड्यांना साधा व्हिजिटर व्हिसा पुरतो. पण जिथे आपलं माणूस राहतं तिथे आपण शेवटचं जात नसतो. यजमानांना पटवायचं असेल तर हे पटवा: यंदा पश्चिम, पुढच्या खेपेला पूर्व. हा देश कॅनडातच जन्मलेल्या माणसांचाही पुरा बघून होत नाही.

मुलाचंही मला सगळं पटलेलं नाही. वडिलांच्या तब्येतीची काळजी खरी आहे, पण "घरी निवांत राहा" म्हणताना तो विसरतो की बाबा चाळीस वर्षं कालव्यांवर आणि धरणांवर उन्हातान्हात हिंडलेले आहेत. त्यांना सोफ्यावर बसवलं तर चौथ्या दिवशी ते परतीची तारीख विचारायला लागतील. अशी बरीच घरं मी पाहिली आहेत. मुलं कामावर गेली की आई-वडील दुपारभर खिडकीशी बसतात. गाडीशिवाय बाहेर पडता येत नाही, रस्ता ओळखीचा नाही, आणि संध्याकाळी सगळे थकलेले. मग प्रेमाच्या घरातही धुसफूस होते. तेव्हा घर की दौरा हा प्रश्न बाजूला ठेवा. तुम्हाला दोन्ही हवं आहे, फक्त ते एकमेकांत कालवू नका. आधी घर, मग एकाच भागाचा प्रवास, आणि शेवटचे चार दिवस पुन्हा घर.

पहिले आठ-नऊ दिवस ब्रॅम्प्टनलाच काढा. दिवस-रात्रीची उलटापालट अंगवळणी पडायला तीन-चार दिवस जातातच, आणि हृदयाच्या गोळ्यांच्या वेळा नव्या घड्याळाला कशा लावायच्या हे निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. सप्टेंबराच्या पहिल्या सोमवारी तिथे कामगार दिनाची सुट्टी असते, त्यानंतर शाळा भरते. म्हणजे नात पहिल्यांदा पहिलीच्या वर्गात जाईल तेव्हा तुम्ही तिथे असाल. तिला शाळेत सोडायचं काम आजोबांकडे द्या. फाटकाशी उभे राहिलेले पालक बघतील, कुणाच्या डोक्यावर पगडी, कुणाचा हिजाब, कुणी फिलिपिनो, कुणी जमैकन. नव्वद मिनिटांत पुढचं शहर गाठायची घाई नसेल तर ओळखी इथेच होतात.

"सगळे आपलेच लोक भेटणार" हेही जरा उलगडून बघायला हवं. २०२१ च्या जनगणनेत कॅनडातले जवळजवळ २३ टक्के लोक परदेशातून येऊन स्थायिक झालेले होते, आणि लोकांनी साडेचारशेहून अधिक मातृभाषा नोंदवल्या. ब्रॅम्प्टनला पंजाबी भरपूर आहेत हे खरं. पण सांगलीच्या माणसाला पंजाबी तरी 'आपला' कधी होता? शेजारच्या काकांना त्यांच्या गावच्या कालव्यांबद्दल विचारलं तर यजमानांचा अख्खा दुपारचा वेळ जाईल, आणि दोघांनाही बरं वाटेल. वाचनालयात जा. तिथली सार्वजनिक वाचनालयं लहान मुलांसाठी गोष्टींचे तास घेतात, नातीबरोबर जाऊन बसा. अनेक भाषांचा समाज म्हणजे बघायचं ठिकाण नव्हे की तिकीट काढलं आणि झालं. तो बसच्या रांगेत, भाजीच्या दुकानात आणि शाळेच्या फाटकाशी भेटतो.

नायगारा याच दिवसांत उरका, पण शनिवार-रविवारी नको. मुलाला आठवड्यातल्या मधल्या दिवसाची एक रजा मागा आणि एक रात्र तिथे राहा. दिवसा धबधब्याचा आवाज असतोच, रात्री रंगीत प्रकाश सोडतात, आणि सकाळी लवकर काठावर माणसं कमी असतात. घोड्याच्या नालासारखा वळलेला मोठा धबधबा ५७ मीटर उंचीचा, आणि तो कॅनडाच्या बाजूने समोर दिसतो.

आता प्रवास. ओटावा, माँट्रियल, क्युबेक, हॅलिफॅक्स आणि व्हिक्टोरिया या खेपेला खोडा. जीवावर येईल, माहीत आहे. क्युबेक म्हणजे १६०८ साली वसलेलं, तटबंदी अजून शाबूत असलेलं फ्रेंच भाषेचं गाव. ते दीड दिवसात बघणं हा त्याच्यावरच अन्याय. राहू दे पुढच्या वेळेला. उरतं ते रॉकी पर्वत आणि व्हँकूव्हर, आणि त्याला आठ दिवस द्या: टोरांटोहून विमानाने कॅलगरी, बॅन्फला तीन रात्री, जॅस्परला दोन, तिथून रेल्वेने एक रात्र, मग व्हँकूव्हरला दोन.

हा भाग मी यजमानांकडे बघून निवडला आहे, त्यांना हे वाचून दाखवा. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात त्यांनी हात जोडले असतीलच. तिथून निघालेली कृष्णा तुमच्या सांगलीवरून बंगालच्या उपसागराला जाते आणि सावित्री कोकणात उतरून अरबी समुद्राला. एका माथ्याचं पाणी दोन समुद्रांना. बॅन्फ आणि जॅस्परच्या मधे कोलंबिया आइसफील्ड नावाचं बर्फाचं पठार आहे, तिथल्या माथ्याचं पाणी तीन महासागरांना जातं. कोलंबिया नदीतून पॅसिफिकला, अथाबास्कातून पुढे मॅकेन्झीमार्गे आर्क्टिकला, आणि उत्तर सस्कॅचेवानमधून हडसन उपसागराकडे म्हणजे अटलांटिकच्या बाजूला. पाटबंधाऱ्यातल्या माणसाने आयुष्यात एकदा उभं राहावं अशी ही जागा आहे.

तिथली अथाबास्का हिमनदी रस्त्यावरूनही दिसते. जवळ जायच्या वाटेवर ठिकठिकाणी सालांच्या पाट्या रोवल्या आहेत, त्या त्या साली बर्फाचं टोक इथपर्यंत होतं हे सांगणाऱ्या. मी गेले तेव्हा पहिल्या पाटीपाशी बर्फ कुठे आहे हे शोधावं लागत होतं. पाटी, मग खडी, मग पुन्हा पाटी, पुन्हा खडी. वारा इतका गार की ओढणी दोनदा डोक्याला गुंडाळली. माझ्या जन्मसालाच्या आसपास बर्फ जिथे होता तिथे पाय ठेवला तर खाली कोरडे, कुरकुरणारे दगड. साधारण सव्वाशे वर्षांत ही हिमनदी दीड किलोमीटरहून अधिक मागे हटली आहे. आकडा आधी वाचला होता, पण चालून गेल्यावर तो पोटऱ्यांना कळला. गुडघ्याला चढ झेपत नसेल तर यजमानांनी खालच्या पाट्यांपाशीच थांबावं, तेवढंही पुरतं. बर्फावर स्वतःहून पाऊल टाकू नका, भेगा वरून दिसत नाहीत.

गाडी मात्र त्यांनी चालवू नये. हे मी स्पष्टच लिहिते. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात. बॅन्फच्या पुढचं लेक लुईस ते जॅस्पर हा २३० किलोमीटरचा रस्ता डोंगरातला, मोबाइलला बराच वेळ रेंज नाही, आणि मधेच रस्त्यावर एल्क नावाचं मोठं हरीण किंवा अस्वल. शिवाय चालवणाऱ्याला डोंगर दिसत नाहीत, रस्ता दिसतो. कॅलगरी विमानतळावरून बॅन्फला बस जातात. बॅन्फहून जॅस्परला जाणाऱ्या एकमार्गी सहलीही असतात, त्या वाटेत आइसफील्डला थांबतात. मोरेन लेकच्या रस्त्यावर २०२३ पासून खासगी गाड्यांना बंदीच आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या बसचं आरक्षण लागतं. ते आधी मिळालं नाही तर नाराज होऊ नका, बऱ्याच जागा प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी पुन्हा खुल्या करतात. लेक लुईसच्या काठाने जाणारी वाट सपाट आहे, गुडघ्याला सोसेल. सप्टेंबराच्या उत्तरार्धात तिथल्या डोंगरांवर लार्चची झाडं पिवळीधमक होतात, तुमच्या तारखा त्यात बसवता आल्या तर उत्तम. अस्वल दिसलं तर शंभर मीटर लांब राहायचा नियम आहे, एल्क-हरणांपासून तीस मीटर. फोटोसाठी कुणी पुढे सरकत असेल तर तुम्ही मागे या.

जॅस्परबद्दल एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. जुलै २०२४ मध्ये वणव्याने त्या गावातल्या जवळपास एकतृतीयांश इमारती जळाल्या. आजूबाजूला काळी पडलेली खोडं दिसतील. म्हणून ते गाव वगळू नका. तिथल्या लोकांची पोटं प्रवाशांवर आहेत. मात्र उन्हाळ्यात वणव्यांचा धूर कुठेही पसरू शकतो, तेव्हा निघण्याआधी हवेची बातमी बघा आणि हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या. व्हिसा हातात येईपर्यंत तर परत न मिळणारा एक पैसाही कुठे अडकवू नका.

विम्याबद्दल थोडं थांबून वाचा, ताई. पाहुण्यांना तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा आधार नाही, रुग्णालयाचं बिल आपलं आपण भरायचं. विमा घेताना अँजिओप्लास्टी लपवू नका. बऱ्याच पॉलिसींत अशी अट असते की जुनं दुखणं प्रवासाआधी ठरावीक काळ स्थिर असलं पाहिजे. त्या काळात औषध किंवा मात्रा बदलली तर त्या दुखण्याचा खर्च ते देत नाहीत. हा काळ किती ते लेखी विचारून घ्या आणि मगच पॉलिसी निवडा. गोळ्या तीन आठवड्यांच्या वर आणखी दहा दिवसांच्या, हातातल्या बॅगेत, औषधांची मूळ नावं लिहिलेल्या चिठ्ठीसह.

खाण्याची फार चिंता नको. थालिपिठाची भाजणी, मेतकूट खुशाल न्या, फक्त विमानतळावर विचारलं की काय आणलंय ते सगळं सांगा. बाहेर बटाट्याच्या तळलेल्या कापांवर चीज आणि रस्सा घातलेलं पुटीन नावाचं खाणं मिळेल. दिसायला शाकाहारी, पण रस्सा बहुधा मांसाचा असतो, विचारून घ्या. दुकानातल्या पाटीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. ओंटारिओत तो १३ टक्के आहे. उपाहारगृहात त्यावर पंधरा टक्क्यांच्या पुढे टिप ठेवायची रीत आहे. यजमानांच्या एक्सेलमध्ये हे दोन रकाने घालायला सांगा.

व्हँकूव्हरला फार धावपळ करू नका. स्टॅन्ली पार्कमध्ये मूळनिवासी लोकांचे कोरीव खांब उभे आहेत, तिथे जा. या भूमीवर ते हजारो वर्षं राहत होते. पुढे त्यांची मुलं घरातून उचलून निवासी शाळांत घातली गेली, भाषा तोडल्या गेल्या. ३० सप्टेंबर हा दिवस २०२१ पासून त्या आठवणीसाठी राखला आहे, आणि तुम्ही तेव्हा तिथे असाल तर नारंगी शर्ट घातलेली माणसं दिसतील, त्याचा अर्थ हा. पार्कपासून जवळच, कोल हार्बरच्या काठावर 'कोमागाटा मारू'चं स्मारक आहे. १९१४ साली हाँगकाँगहून निघालेल्या या जहाजावरची ३७६ हिंदुस्थानी माणसं, बहुतेक शीख, काही मुसलमान आणि हिंदू, याच बंदरात दोन महिने जहाजावर अडकली. वीस-पंचवीस जण सोडले तर कुणाला उतरू दिलं नाही. २०१६ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत त्याची माफी मागितली. ब्रॅम्प्टनच्या शाळेच्या फाटकावर ज्यांना पगडीत पाहिलंत, त्यांच्या तिथे असण्यामागे हे पाणी आहे. यजमानांना "आपलेच लोक" म्हणताना इथे उभं राहून बघू द्या.

आणि आता तुमची गाडी.

ती टोरांटो ते व्हँकूव्हर जाते, ४,४६६ किलोमीटर, चार रात्री. नाव 'द कॅनेडियन'. १९५५ साली सुरू झाली तेव्हाचेच चकचकीत पोलादी डबे अजून धावतात. एका डब्याला वर काचेचं छप्पर आहे, जिना चढून बसायचं. पूर्ण प्रवास महाग आहे आणि तुमचे पाच दिवस खाईल, म्हणून मी तुम्हाला जॅस्परहून चढायला सांगते. एक रात्र गाडीत, सकाळी व्हँकूव्हरला. जॅस्पर सोडल्यावर उजव्या हाताला माउंट रॉबसन दिसतो, कॅनेडियन रॉकीजमधलं सर्वांत उंच शिखर, ३,९५४ मीटर. ढगांत लपलेला असण्याची शक्यता बरीच, तरी काचेच्या डब्यात जागा लवकर धरा.

ही गाडी आठवड्यातून दोन-तीनदाच असते. म्हणून सगळं नियोजन उलटं करायचं: आधी गाडीची तारीख पक्की, मग जॅस्पर, मग बॅन्फ, मग टोरांटोहून निघायचं विमान. आणखी एक. रूळ मालगाड्यांच्या कंपनीचे आहेत, त्यामुळे किलोमीटरभर लांबीच्या मालगाडीला वाट द्यायला आपली गाडी बाजूच्या रुळावर उभी राहते. कधी वीस मिनिटं, कधी दोन तास. यजमान चिडतील. तुम्ही चिडणार नाही. क्रॉसिंगला गाडी का थांबते हे तुम्हाला घरात ऐकून माहीत आहे. व्हँकूव्हरला पोचायच्या दिवशी पुढचं विमान ठेवू नका म्हणजे झालं.

तेव्हा कुणाच्या बाजूने बोलू, याचं उत्तर: या खेपेला स्वतःच्या. आज रात्री जेवणं झाल्यावर एक्सेल उघडायला सांगा आणि त्यात एक ओळ घालायला लावा, जॅस्पर ते व्हँकूव्हर, रेल्वे. मुलाला फोनवर तुम्हीच सांगा, बाबांना मधे घालू नका.

तिकीट काढताना बर्थ मागा, जेवण त्यातच धरलेलं असतं. आपल्याकडच्यासारखेच वर-खाली असतात आणि रात्री जाड पडदा ओढून घेतात. वरच्या बर्थला शिडी आहे, तो यजमानांच्या गुडघ्याला जमणार नाही, आणि वर खिडकी नसते, म्हणून तो तुम्हालाही नको. दोन्ही खालचेच मागा.